कंबर दुखावली म्हणून पायांना सुट्टी कशाला?

कंबर धरली की पहिला सल्ला पडून राहण्याचा मिळतो. पण १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हेलसिंकीतल्या चाचणीत, दोन दिवस सक्तीची विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा झेपतील तशी रोजची कामं करत राहिलेले लोक लवकर सावरले. (मुद्दाम कंबरेचे व्यायाम करणारेही त्यांच्या मागेच राहिले!) मग तीव्र कळ ओसरल्यावर पायांचा व्यायाम बंद का ठेवायचा? खांद्यावर ८० किलोचा बार घेऊन स्क्वॉट मारला तर पाय तो भार वाटून घेतात, कण्याला मात्र अख्खा पेलावा लागतो. त्याऐवजी हातांत दहा-दहा किलोचे डंबेल धरून स्प्लिट स्क्वॉट केला तर पुढची मांडी थरथरते, पण कण्यावर वरून २० किलोच येतात. सुरुवात तर बिनवजनाच्या ग्लूट ब्रिजनेही होते.

एवढ्याशा वजनाने काय होणार, असं जिममधले जाणते म्हणतील. कमाल ताकदीपुरतं ते खरं आहे. पण हलकं वजनही थकव्याच्या जवळ नेलं तर स्नायूंचा आकार वाढतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. ‘लेग प्रेस करा, पाठीला टेका असतो’ हा युक्तिवाद मात्र अर्धवट आहे. गुडघे छातीकडे फार आणले की माकडहाड गादीवरून उचललं जातं आणि भाराखाली कंबर वाकते. खोली कमी ठेवली तर चालेल. पायात वाढती कमजोरी, जांघेत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून थेट रुग्णालय गाठा.