धारित्रांची जोडणी : सूत्रामागील कारण

उन्हाळ्यात पंखा मंद फिरू लागला, की पूर्णेतील घराघरांत ‘कंडेन्सर गेला’ असे म्हटले जाते. शेतातील मोटारीलाही तो लागतो. शास्त्रीय मराठीत त्यास धारित्र म्हणतात. दोन धातुपट्टिका आणि त्यांमध्ये विद्युतरोधक, एवढीच त्याची मूळ रचना. एक व्होल्ट विभवांतराला धारित्र जितका प्रभार साठविते, ती त्याची धारकता. तिचे एकक फॅरड. व्यवहारात त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, वापरतात.

रोध एकसर जोडले तर त्यांची बेरीज होते. धारित्रांची बेरीज मात्र समांतर जोडणीत होते. केवळ पाठांतर करणारा विद्यार्थी परीक्षेत नेमकी येथेच अदलाबदल करतो. म्हणून वर्गात आम्ही सूत्राआधी कारण विचारतो. तेच कारण पालकांनाही कळावे, यासाठी येथे मांडत आहोत.

६ व ३ मायक्रोफॅरडची दोन धारित्रे १२ व्होल्टच्या बॅटरीला समांतर जोडू. दोघांनाही पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. पहिले ७२ आणि दुसरे ३६ मायक्रोकूलॉम प्रभार साठविते, एकूण १०८. त्यास १२ ने भागल्यास धारकता ९ येते, म्हणजे ६ अधिक ३. जणू पट्टिकांचे क्षेत्रफळच वाढले.

आता तीच धारित्रे एकसर जोडू. मधल्या दोन पट्टिका बॅटरीला जोडलेल्या नसतात. एकीवर जितका धन प्रभार येतो, तितकाच ऋण प्रभार दुसरीवर उरतो. म्हणून दोन्ही धारित्रांवर प्रभार समान असतो आणि विभवांतर वाटले जाते. येथे व्यस्तांकांची बेरीज करावी : १/६ अधिक १/३ म्हणजे १/२, धारकता २. प्रभार २४ मायक्रोकूलॉम. मोठ्या धारित्रावर ४ आणि लहानावर ८ व्होल्ट. अधिक ताण लहानावर येतो, हे ध्यानात ठेवावे. एकसर जोडणीची धारकता सर्वांत लहान धारित्राहूनही कमी असते. उत्तर त्याहून मोठे आले, तर गणित चुकले असे समजावे.

एक सावधगिरी : वीज बंद केल्यावरही धारित्रात प्रभार काही काळ उरतो. त्याच्या टोकांना हात लावू नये.

ज्यांच्या नावावरून फॅरड हे एकक आले, ते मायकेल फॅरडे लोहाराचे पुत्र होते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधणीस आलेली पुस्तके वाचून ते विज्ञानाकडे वळले. वसतिगृहाच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या आमच्या मुलामुलींनी सूत्रासोबत ही गोष्टही लक्षात ठेवावी.