हिरवा ठिपका आणि कोशर ताट

बुलढाणा जिल्ह्यात येणारा परदेशी पर्यटक बहुधा लोणारचे विवर पाहायला येतो, आणि तो धर्मनियम पाळणारा ज्यू असेल तर विवराच्या काठावर पोहोचण्याआधीच त्याला दोन वेळच्या जेवणाची तजवीज करावी लागते. ‘कोशर’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘योग्य’ असा आहे. तोरा या धर्मग्रंथातील नियमांप्रमाणे चतुष्पादांपैकी रवंथ करणाऱ्या व दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांचेच मांस चालते, तेही ‘शोहेट’ने, म्हणजे धर्मविधी शिकलेल्या खाटकाने, कापलेले आणि मीठ लावून रक्त काढलेले; माशाला पर व खवले दोन्ही असावे लागतात, आणि मांस व दूध एकत्र शिजवता किंवा खाता येत नाही.

मांसच टाळले की प्रश्न मिटला, असे मराठी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पुड्यावरचा हिरवा ठिपका अशा प्रवाशाचे निम्मे काम करतो हे खरे. परंतु अळ्या-किडे निषिद्ध असल्याने पालेभाजी, डाळ, तांदूळ बारकाईने निवडावे लागतात, आणि ज्या कढईत काल मटण शिजले तिच्यात आजची भाजी चालत नाही. हे आपल्या सोवळ्यासारखे भासले, तरी येथे विटाळ स्पर्शाचा नसून उष्णतेमुळे भांड्यात मुरलेल्या चवीचा मानला जातो. म्हणून धातूचा तवा आगीत तापवून शुद्ध करता येतो, मातीच्या भांड्याला मात्र ती सवलत नाही. शिवाय काही अन्न शिजवताना ज्यू व्यक्तीचा सहभाग आवश्यक असतो, पण अश्कनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंच्या, परंपरेत तिने चूल पेटवली तरी पुरते.

याच जिल्ह्यातील शेगावचा पेच याहून नाजूक आहे. गजानन महाराजांच्या मंदिरातील महाप्रसाद शाकाहारी असला, तरी अन्य उपासनेत अर्पण केलेले अन्न ज्यू धर्मशास्त्र निषिद्ध मानते, त्यामुळे कडवा नियमपालक तो नम्रपणे नाकारतो. आग्रहाने वाढणाऱ्यापुढे हे जमवणे सोपे नसते. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ असल्याने त्या काळात वाहनप्रवास आणि चूल पेटवणे दोन्ही वर्ज्य ठरतात, आणि लोणारचा मुक्काम त्या हिशेबाने आखावा लागतो.

हे नियम मराठी स्वयंपाकघराला परके मात्र नाहीत. कोकणातील बेने इस्राएल हा ज्यू समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी ते बंद ठेवी, म्हणून त्याला ‘शनवार तेली’ हे नाव पडले. कोळंबी व खेकडे वगळून पापलेट-सुरमई खाणाऱ्या या समाजाने मांसाच्या रश्शात दुधाच्या जागी नारळाचे दूध वापरले. याच समाजातील सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले, आणि महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

वऱ्हाडात नारळाची जागा शेंगदाण्याचे कूट घेते, आणि तेही मांसाहाराच्या किंवा दुधाच्या वर्गात मोडत नसल्याने कोणत्याही जेवणात चालते. जवळपास शोहेट नसल्याने ते कूट येथे वांग्याच्याच रश्शात पडेल, आणि त्यासाठी वांगे चिरताना प्रत्येक फोड उलटून कीड पाहण्याचे काम वऱ्हाडी गृहिणी कोणी न सांगताच करते.