बी.एस्सी.साठी कर्ज काढताय? आधी वहीत हिशेब मांडा

बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोरीने बायोलॉजी घेतलेली असते ती डॉक्टर व्हायचे म्हणून. नीटच्या परीक्षेत गुण कमी पडतात, मेडिकल हुकते. मग कोणीतरी सल्ला देतो, ''बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला घाला, खाजगी कॉलेजात जागा आहे, फीसाठी बँक कर्ज देते.'' मोरव्यासारख्या ठिकाणी वॉचमनची, हाउसकीपिंगची नाहीतर रिक्षाची कमाई खाणारे आईबाप लेकराच्या शिक्षणाला नाही म्हणत नाहीत. फॉर्मवर सही होते. हिशेब मात्र कोणी केलेला नसतो. तो आज करू.

चार लाखांचे किती होतात?

शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होतो. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समजा, तीन वर्षांत चार लाख रुपये समान तीन भागांत उचलले आणि व्याज शेकडा १० आहे. हप्ता सुरू होईपर्यंत चार वर्षे जातात. तेवढ्यात सरळव्याजाचेच १ लाख २० हजार होतात. देणे झाले ५ लाख २० हजार. ते दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे ६,८७० रुपये. एकूण भरणा सव्वाआठ लाखांच्या घरात.

आता पोरीला पहिली नोकरी १५ हजारांची लागली असे धरा. त्यातले जवळजवळ निम्मे बँकेला गेले. उरलेल्यातून रेल्वेचा पास, डबा, घरखर्च. शिवाय या कर्जात पालक सहकर्जदार असतात. हप्ते थकले तर बापाच्या नावालाही डाग लागतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तोच आडवा येतो.

नुसत्या पदवीवर काय मिळते?

बायोलॉजीची पदवी वाईट नाही, पण ती वाटेतले स्टेशन आहे, शेवटचे नव्हे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायचे तर बी.एस्सी.नंतर लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा लागतो. शिक्षक व्हायचे तर दोन वर्षांचे बी.एड. आणि त्यानंतर भरतीची परीक्षा. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. २०२३ पासून माध्यमिक शाळेतील शिक्षणसेवकाला महिना १८ हजार रुपये मानधन आहे. त्याआधी ते अवघे ८ हजार होते. संशोधनाकडे जायचे तर एम.एस्सी. करून नेट परीक्षेतून जे.आर.एफ. मिळवावी लागते. तिची रक्कम २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, पण तिथे पोहोचणारे थोडे.

म्हणजे बी.एस्सी.च्या तीन वर्षांवरच सगळे कर्ज संपवले, तर ज्या शिक्षणाने पगार वाढतो त्याच्या वेळी हात रिकामा राहतो. कॉलेजच्या जाहिरातीतला पगाराचा आकडा धरू नका. भाईंदर-मीरा रोडच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एखाद्या मुलाला गाठून विचारा, पहिल्या महिन्यात हातात किती पडले?

आधी हक्काचे पैसे

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपल्या मुलांची पहिली शिदोरी. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आज पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर ती मिळते. त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. जातीचा दाखला आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. आणि हे विसरू नका : मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. त्या एका सहीने हक्काचे पैसे जातात आणि कर्ज गळ्यात पडते.

अनुदानित कॉलेजातल्या साध्या बी.एस्सी.ची फी खाजगी कॉलेजच्या मानाने फार कमी असते. मोरव्याहून बसने भाईंदर स्टेशन आणि पुढे लोकल धरली की चर्चगेटपर्यंतची कॉलेजे आवाक्यात येतात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये स्थापन केलेले सिद्धार्थ कॉलेजही त्याच वाटेवर, फोर्टात आहे. प्रवासाचा त्रास आहे, पण त्रासावर व्याज चढत नाही.

बाबासाहेबांनीही कर्ज घेतले होते

शिक्षणासाठी कर्ज काढणे म्हणजे पाप नव्हे. १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायचे होते. तेव्हा त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत झाली. तरीही कमी पडले तेव्हा मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये लंडन गाठले. क्रम पाहा : शिष्यवृत्ती, बचत, मदत आणि सर्वांत शेवटी कर्ज. आपण नेमके उलटे करतो.

मग कर्ज कधी घ्यावे?

पुढचा कोर्स सरकारमान्य असेल, त्यानंतर कोणते काम मिळते हे डोळ्यांनी पाहिले असेल आणि हप्ता पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त होत नसेल, तर बेधडक घ्यावे. बँकेत जाण्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळात शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. बँकेत गेल्यावर व्याज अनुदानाबद्दल स्पष्ट विचारावे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षणकाळातले व्याज सरकार भरते, पण ते ठरावीक संस्था आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरते. साध्या बी.एस्सी.ला ते गृहीत धरू नये.

आज संध्याकाळी पोरीला शेजारी बसवा आणि वहीत चार ओळी लिहा : एकूण फी किती, शिष्यवृत्ती किती, कर्ज किती, महिन्याचा हप्ता किती. बेरीज तिलाच करू द्या. कर्ज तिच्या नावावर चढणार आहे, तेव्हा आकडाही तिला ठाऊक असला पाहिजे.