नोकरीचा व्हिसा म्हणजे कायमचा मुक्काम नव्हे

घाटकोपरमधली आपली कितीतरी मुलं सौदी, कतार, कुवेतला कमवायला जातात. तिथला साधा व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो; वीस वर्षं राबलं तरी नोकरी सुटली की परतावंच लागतं. कॅनडाचं वेगळं. तिथल्या एक्स्प्रेस एंट्रीत वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण धरून थेट पीआर मिळू शकतो. तो टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथं राहावं लागतं.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतो. त्यांना आखातात नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. ती टाळायला कुणी व्हिजिट व्हिसा पुढे केला तर नको म्हणा. आम्ही एवढंच सांगू: अम्मीचे दागिने मोडण्याआधी एजंटचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा.