न्हाणीतला आरसा

न्हाणीतल्या आरशाच्या कडा काळ्या पडल्या, तेव्हा आई म्हणाली, "नवाच आण." पण उचल ऊस तोडूनच फिटते, तिच्यातून आरसा घेणे मला पटेना.

काचेमागे चांदीचा पातळ थर असतो. तो रसायनाने चढविण्याची रीत जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ साली शोधली. कडेने ओल शिरली की हा थर काळवंडतो. गेलेली चांदी घरी परत येत नाही. कड झाकावी, हेच बरे. सुताराकडच्या उरलेल्या पट्ट्यांची चौकट करून तेलरंग दिला. आरशामागे लाकडाचे तुकडे ठेवले, म्हणजे भिंतीची ओल लागत नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग लिंबाने निघाले. रस मात्र कडेला लागू देऊ नये.

खर्च रंगाच्या डबीचाच. रंग वाळेपर्यंत धाकटी शेजारी जाऊन वेणी घालीत होती.