एक जहाज, अनेक बेटं

पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटदेशाची लोकसंख्या साधारण एक लाख, आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. 15 जानेवारी 2022 रोजी तिथे समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि टोंगाला फिजीशी जोडणारी 827 किलोमीटरची समुद्राखालची इंटरनेट केबल तुटली. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या टोंगन कुटुंबांना आपली माणसं सुखरूप आहेत की नाहीत, हेही कळेना.

त्या बातम्यांचा माग काढताना मी ‘पॅसिफिक आयलंड्स टेलिकम्युनिकेशन्स असोसिएशन’पाशी, म्हणजे ‘पीटा’पाशी, पोचलो. सुवा या फिजीच्या राजधानीतली ही ना-नफा संघटना. सदस्य म्हणजे बेटांवरच्या टेलिफोन कंपन्या. वार्षिक सभा, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, मोठ्या देशांपुढे एकत्र बाजू मांडणं, हे तिचं काम. कागदावर रुक्ष वाटतं. त्याची गरज केबलच्या दुरुस्तीकडे पाहिल्यावर पटते.

किनाऱ्यावरून काचतंतूत प्रकाश सोडतात. तो तुटल्या जागेवरून परतायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतात. मग जहाज समुद्रतळावर लोखंडी गळ ओढत फिरतं. केबल सापडली की टोक वर घेऊन तपासायचं, बोयाला बांधून ठेवायचं आणि दुसरं टोक शोधायला निघायचं. शेवटी दोन टोकांच्या मध्ये नवी केबल घालायची. केसासारखे बारीक तंतू वितळवून एकमेकांत जोडायचे, तेही हलत्या जहाजावर! ही चिकाटी मला थक्क करते. टोंगात तर केबल जागोजागी तुटून गाळाखाली गेली होती. 80 किलोमीटरहून जास्त लांबीची नवी टाकावी लागली. संपर्क पूर्ववत व्हायला 22 फेब्रुवारी उजाडली.

दुरुस्ती करणारं ‘रिलायन्स’ हे जहाज पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीहून आलं होतं. असं जहाज एकट्या टोंगाला पोसता येणार नाही. म्हणून अनेक केबलमालक मिळून वर्गणी भरतात आणि जहाज बंदरात सज्ज ठेवतात. हा करार पीटाचा नव्हे, पण शेजाऱ्यांनी खर्च वाटून घेण्याची रीत तीच.

आता ती रीतच ताणाखाली आहे. वावाऊसारख्या बेटांना जोडणारी टोंगाची अंतर्गत केबलही त्याच स्फोटात तुटली होती; ती दुरुस्त व्हायला 2023 उजाडलं. 2024 मध्ये भूकंपानंतर ती पुन्हा तुटली, तेव्हा सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला तात्पुरता परवाना दिला. अडकलेल्या लोकांसाठी ते योग्यच होतं. पण ग्राहक थेट उपग्रहाकडे वळले, तर स्थानिक कंपनीचं उत्पन्न घटेल आणि केबलचा खर्च तर त्यातूनच निघतो. रुग्णालयं, बँका, सरकारी कचेऱ्या यांचा मोठा भार मात्र केबललाच पेलायचा आहे. पीटाच्या सभेत हा हिशेब आधी मांडला जायला हवा, असं मला वाटतं: उरलेल्या ग्राहकांवर किती दरवाढ लादायची, आणि ती वावाऊच्या शेतकऱ्याला झेपेल का?