संकेतस्थळाची निगा आणि सात तासांची मुदत

नेवासे तालुक्यातील सोनई हे साखर कारखाना, महाविद्यालय आणि शेजारच्या शनिशिंगणापूरची वर्दळ यांमुळे गजबजलेले गाव आहे. अशा गावांतील शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि व्यावसायिक यांच्या संकेतस्थळांवर आता प्रवेशअर्ज भरणे, पैसे भरणे, आगाऊ नोंदणी करणे अशी रोजची कामे चालतात. यांपैकी पुष्कळशी संकेतस्थळे ‘वर्डप्रेस’सारख्या तयार सॉफ्टवेअरवर उभारलेली असतात आणि अर्ज, छायाचित्रे, देयके अशी एकेक सोय पुरवणारी छोटी सॉफ्टवेअरे, म्हणजेच ‘प्लगइन’, त्यांना जोडलेली असतात. उद्घाटन झाले की काम संपले, ही समजूत येथे घातक ठरते.

सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला की त्याचे निर्माते दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध करतात, तिलाच अपडेट म्हणतात. परंतु जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून पाहिली असता कोणत्या ओळी बदलल्या हे कोणालाही कळते, म्हणजेच दुरुस्तीबरोबर दोषाचा ठावठिकाणाही जाहीर होतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान आटोपले, त्याच रात्री भारतीय वेळेनुसार साडेनऊच्या सुमारास ‘ड्रुपल’ या वर्डप्रेससारख्याच सॉफ्टवेअरची ७.३२ ही आवृत्ती आली. पासवर्ड ठाऊक नसतानाही माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, परस्पर हुकूम घुसवता येत असे, तो दोष तिने दूर केला. पुढे २९ ऑक्टोबरला ड्रुपलच्या सुरक्षा गटाने असा इशारा दिला, की घोषणेपासून सात तासांच्या आत दुरुस्त न झालेले ड्रुपल ७ वरील प्रत्येक संकेतस्थळ हल्लेखोरांच्या ताब्यात गेले, असेच गृहीत धरावे. भारतात ही मुदत पहाटे साडेचारला संपली होती. सकाळी कार्यालय उघडून अपडेट करणाऱ्यालाही उशीरच झाला होता, कारण आत शिरलेल्याने ठेवलेली चोरवाट अपडेटमुळे बुजत नाही.

असा उशीर टाळण्यासाठी वर्डप्रेसने त्याआधीच, ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून, किरकोळ आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या आपोआप बसवण्याची व्यवस्था केली आणि ऑगस्ट २०२० मधील ५.५ पासून प्लगइनसाठीही तशी सोय प्रशासन-पृष्ठावर उपलब्ध करून दिली. ही सोय चालू ठेवणे छोट्या संस्थांच्या हिताचे आहे, मात्र तिच्यावर सर्वस्वी विसंबणे योग्य नव्हे. ‘डिस्प्ले विजेट्स’ हे दोन लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेले प्लगइन मूळ कर्त्याने विकल्यावर नव्या मालकाच्या अपडेटमधूनच घातक संकेतावली आली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ते वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातून कायमचे हटवावे लागले. त्यामुळे प्लगइन मोजकीच असावीत, ज्यांच्याकडे कर्त्यांनी दीर्घकाळ लक्ष दिलेले नाही ती बदलावीत आणि नको असलेली केवळ बंद न करता पुसून टाकावीत. बंद केलेल्या प्लगइनच्या फायली सर्व्हरवर तशाच राहतात आणि त्यांतील दोषही शिल्लक राहतो.

मोठ्या अपडेटपूर्वी फायली आणि डेटाबेस या दोहोंची प्रत घेऊन ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि त्या प्रतीवरून संकेतस्थळ खरोखर पुन्हा उभे राहते की नाही, हे संकटाची वाट न पाहता तपासावे. शक्य असल्यास चाचणीच्या प्रतीवर आधी अपडेट बसवून एक अर्ज देवनागरीत भरून पाहावा. ‘ज्ञानेश्वर’ किंवा ‘कृष्णा’ अशा जोडाक्षरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत असतील, तर अक्षरसंकेतनाची गडबड पालकांच्या तक्रारी येण्यापूर्वीच ध्यानात येते.

खरी उणीव तंत्रज्ञानापेक्षा जबाबदारीच्या वाटणीत असते. संकेतस्थळ बनवणाऱ्याशी वार्षिक देखभालीचा लेखी करार करावा, तातडीचे अपडेट सुट्टीच्या दिवशी कोण बसवणार हे त्यात नावानिशी नोंदवावे, आणि डोमेन तसेच सर्व्हरचे खाते संस्थेच्याच नावावर ठेवावे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संकेतस्थळावरील घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. ती कोणी कळवायची, हेही त्याच करारात लिहिलेले असावे.